व्हीलचेअरवरचं बाळंतपण

बेंबीच्या खाली मला काही कळत नाही. गरम नाही, गार नाही, डास चावला तरी नाही. नऊ वर्षांपूर्वी गगनबावडा रस्त्यावर दुचाकीवरून पडले आणि मज्जारज्जूला डी-१०, म्हणजे पाठीच्या वरून दहाव्या, पातळीवर इजा झाली. त्या पातळीच्या नसांची हद्द बेंबीपाशी येते. तिच्या वरचा भाग माझं ऐकतो, खालचा आपल्या मर्जीने वागतो. पाय चालत नाहीत एवढंच लोकांना दिसतं. लघवी दर चार तासांनी नळी घालून काढावी लागते, शौचाला वेळ ठरवून, औषध घेऊन बसावं लागतं, एका जागी बसून राहिलं तर कातडी मरायला लागते आणि मला पत्ताही लागत नाही, हे कुणाला दिसत नाही. माझं बाळंतपण याच गोष्टींवर अवलंबून होतं. भेटेल तो माणूस मात्र पायांकडे बघून सल्ला देत होता.

अशा इजेनंतर बऱ्याचदा काही महिने पाळी थांबते, पुढे ती पुन्हा सुरू होते आणि मूल होण्याची क्षमता आधी होती तशीच राहते. हे मला दवाखान्यातून घरी सोडताना कुणी सांगितलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी गृहीत धरलं होतं की मूलबाळ हा विषय मिटलेलाच आहे. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत वेल्डर आहे. माझ्या गाडीला मागची दोन जादा चाकं त्यानेच बसवली, ओळख तिथली. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लग्नाला होकार दिला तोच नातवंडाची आशा सोडून. त्यामुळे पाळी चुकल्याचं सांगितलं तेव्हा त्या आधी माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघत राहिल्या. "आगं, असं बी हुतंय व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि देवापुढे साखर ठेवायला आत गेल्या.

कोल्हापुरात व्हीलचेअरवरची बाई बघून कुणी थबकत नाही. नसीमादीदी हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवर असताना १९८४ साली इथे हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड ही संस्था उभी केली. उचगावला वसतिगृह झालं, मुलंमुली शिकली, नोकरीधंद्याला लागली. मी पतसंस्थेत काउंटरवर बसते. ठेवीदारांना व्याजदराशी मतलब असतो, माझ्या खुर्चीशी नाही. पण पोट दिसायला लागल्यावर त्याच ठेवीदारांची नजर बदलली. एक आजोबा पासबुक पुढे करत हळूच म्हणाले, "पोरी, सांभाळणार कोण गं?" त्यांना वाईट म्हणवत नाही. व्हीलचेअरवरून शिकलेली, कमावती बाई त्यांनी पाहिली होती. पोटुशी पाहिली नव्हती.

पहिल्यांदा गेलो त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. पायऱ्या होत्या, नवऱ्याने आणि वॉचमनने खुर्चीसकट उचलून नेलं. डॉक्टरांनी फाइल उघडली, अपघाताची हकीगत वाचली आणि माझ्या डोक्यावरून नवऱ्याला विचारलं, "ठेवायचंय का?" नवरा म्हणाला, "तिला विचारा की." मग मला विचारलं, तेही कसं? "तुमचं वजन तुम्हाला पेलवत नाही, त्यात हे कशाला?" रक्तदाब मोजला नाही, लघवी कशी करता हे विचारलं नाही, चालू गोळ्या कोणत्या तेही नाही. गरोदर बाईला पहिल्या भेटीत विचारायचं ते सगळं राहिलं आणि जे मी ठरवायचं तेवढंच तेवढं विचारून झालं.

गर्भपात करून घ्यायचा हक्क मला आहे, हे मला ठाऊक होतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या नियमांत अपंग स्त्रीसाठी ती मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत आहे. पण मला मूल हवं होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ९२ मध्ये लिहिलंय की अपंग स्त्रीच्या स्पष्ट संमतीवाचून तिचा गर्भपात करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. तीव्र अपंगत्व असेल तर डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती यावर भागतं, अशी एक फट त्याच कलमात ठेवलेली आहे. ती मला आजही खुपते.

दुसऱ्या डॉक्टरबाई राजारामपुरीकडच्या. दवाखाना तळमजल्यावर, दाराशी एकच उंबरठा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अशी इजा असलेलं बाळंतपण मी आजवर केलेलं नाही. मला वाचावं लागेल. पुढच्या सोमवारी या, तोवर चालू असलेली कुठलीच गोळी मनाने बंद करू नका." त्या एका वाक्यावर मी त्यांच्याकडेच नाव घालायचं ठरवलं. ज्यांना सगळं माहीत होतं त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं.

गोळ्यांचं सांगणं महत्त्वाचं होतं. पाय अचानक ताठ होऊन थरथरतात, त्याला आम्ही स्पॅझम म्हणतो, त्यासाठी मी बॅक्लोफेन घेत होते. शेजारच्या काकूंनी "पोटात बाळ असताना इंग्रजी गोळी नको" म्हणून डबी उचलून ठेवायची तयारी केली होती. ही गोळी एकदम बंद केली तर झटके येण्यापर्यंत मजल जाते. डॉक्टरबाईंनी मेंदू-मणक्याच्या डॉक्टरांशी बोलून ती टप्प्याटप्प्याने, झेपेल तेवढी कमी केली. मूत्राशय शांत ठेवायची गोळी मूत्रविकार तज्ज्ञांना विचारून बदलली.

लोहाच्या गोळीने मात्र आमचा अंत पाहिला. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. कुणाही गरोदर बाईला तिने बद्धकोष्ठ होऊ शकतो. माझी आतडी आधीच मंद. दिवसाआड ठरलेल्या वेळी पोट साफ करायचं माझं वेळापत्रक, वर्षानुवर्षांच्या मेहनतीने बसवलेलं, पार कोलमडलं. पोट फुगायचं, त्याने स्पॅझम वाढायचे, रात्रभर झोप नाही. हिमोग्लोबिन तरीही साडेनऊच्या वर जाईना, हवं अकरा. आणि माझ्यासारखीच्या बाबतीत रक्त कमी म्हणजे नुसता थकवा नसतो, कातडीला जखमा लवकर होतात आणि भरत नाहीत. शेवटी तिसरा महिना उलटल्यावर डॉक्टरबाईंनी लोह शिरेतून द्यायचं ठरवलं. बाटली लावून पडून राहायचं, संपली की घरी. आत्याबाई गूळ-शेंगदाण्याचा डबा घेऊन सोबत यायच्या. बाटलीतून लोखंड अंगात जातंय हे त्यांना अजिबात पटलेलं नव्हतं. रिपोर्टमधला आकडा चढल्यावर त्या म्हणाल्या, "गुळानंच चढलंय."

वजनाचा किस्सा सांगितलाच पाहिजे. गरोदर बाईचं वजन दर भेटीत करायचं असतं, सगळ्या पुढच्या हिशोबाची सुरुवात तिथून होते. उभं न राहता वजन करायचा काटा मला आमच्या फिरण्यात कुठेच दिसला नाही. कार्डावर वजनाच्या रकान्यात आडवी रेघ. नवऱ्याचे मामा शाहू मार्केट यार्डात एका गूळ अडत्याकडे दिवाणजी आहेत. त्यांनी सुचवलं, या की इकडे. रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, तोलायचा प्लॅटफॉर्म काटा, त्याला नवऱ्याने फळी टेकवून चढ केला, मी खुर्चीसकट वर. मग मला बाकावर बसवून नुसती खुर्ची तोलली. एकाहत्तर वजा सतरा, चोपन्न. हमाल कौतुकाने जमलेले. एकाने विचारलंच, "वहिनी, रवा किती किलोचा म्हनायचा ह्यो?" पुढे दर महिन्याला आम्ही तिथेच गेलो. मामा हिशोबाच्या चिठ्ठीवर आकडा आणि तारीख लिहून द्यायचे आणि डॉक्टरबाई ती चिठ्ठी गंभीरपणे फाइलला लावायच्या.

तपासणीचं टेबल हा दुसरा डोंगर. माझ्या खुर्चीची बैठक जमिनीपासून दीड फुटावर, टेबल कमरेइतकं उंच. दोघांनी काखेत आणि गुडघ्याखाली धरून उचलायचं. पोट वाढत गेलं तसं हे जिवावर यायला लागलं, कारण उचलणाऱ्याचा हात कुठे दाबतोय, पाय कुठल्या कडेला घासतोय, मला कळत नाही. एका सोनोग्राफी केंद्रात अशाच उचलाउचलीत टाच टेबलाच्या पत्र्यावर घासली. घरी येऊन मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. ती जखम भरायला पुढचा सबंध महिना गेला. डॉक्टरबाईंनी त्यानंतर माझी तपासणी आपल्या विश्रांतीच्या खोलीतल्या दिवाणावर करायला सुरुवात केली. दिवाण खुर्चीच्या उंचीचा, फळी लावून मी स्वतः सरकायचे. त्या गुडघे टेकून तपासायच्या. त्यांच्या गुडघ्यांची मला लाज वाटायची, पण मी काही बोलले नाही. २०१६ च्या त्याच कायद्यात कलम २५ आहे. दवाखाने अडथळामुक्त हवेत, अपंगांना उपचारात अग्रक्रम हवा, अपंग स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याची सोय हवी, असं त्यात आहे. टेबल खाली-वर होणारं हवं, एवढ्या एका ओळीत ते सगळं माझ्यापुरतं मावलं असतं.

लघवीचा संसर्ग हा या सगळ्या काळातला खरा शत्रू. गरोदरपणात तो कुणालाही होतो, नळी वापरणारीला जास्तच. इतर बायकांना जळजळ होते, ओटीपोटात दुखतं. मला यातलं काही होत नाही. माझ्यासाठी खुणा वेगळ्या: लघवी गढूळ, वास बदललेला, पाय एरवीपेक्षा जास्त ताठ होणं. डॉक्टरबाईंनी दर महिन्याला लघवीचं कल्चर करायला लावलं, त्रास असो वा नसो. पाचव्या महिन्यात एका रात्री हुडहुडी भरली, पाय दगड झाले, १०३ ताप. मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. दाखल झाले, शिरेतून प्रतिजैविकं. ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने "पोटात कुठे दुखतंय?" असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी माझी फाइल त्याच्या हातात दिली. पहिल्याच पानावर डॉक्टरबाईंनी लाल शाईत लिहिलं होतं: रुग्णाला बेंबीखाली वेदना जाणवत नाहीत, वेदना नाही म्हणजे आजार नाही असं समजू नये. बिचारा ओशाळला. त्यानंतर मात्र रात्रभर चकरा मारत होता.

हे पहिलं पान फार उपयोगी पडलं. त्यावर इजेची पातळी, पाठीत सळ्या आणि स्क्रू आहेत हे, चालू औषधं, नळीच्या वेळा, काय जाणवतं नि काय नाही, सगळं. इजा डी-६ ला किंवा त्याच्या वर असती तर अजून एक धोक्याची ओळ आली असती, असं त्यांनी सांगितलं. तशा बायकांचा रक्तदाब कळांच्या वेळी, किंवा नुसतं मूत्राशय तुंबलं तरी, एकदम आभाळाला भिडतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. बघणाऱ्याला तो गरोदरपणातला नेहमीचा रक्तदाब वाटू शकतो, उपाय मात्र वेगळा लागतो: आधी कारण शोधून ते दूर करणं, आणि प्रसूतीत पाठीतून भूल. माझ्याच ओळखीतल्या एका मैत्रिणीची इजा डी-४ ची आहे. तिला मी हे सगळं लिहून पाठवलं. लग्न ठरायच्या आत वाच म्हटलं.

बाळ कसं कळणार, याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. बायका सांगतात, पाचव्या महिन्यात फुलपाखरू, मासोळी, काय काय. माझ्याकडे शुकशुकाट. सोनोग्राफीत हातपाय हलताना बघायचे आणि पोटावर तळवा ठेवला की तळव्याला धक्का लागायचा, आतून काही नाही. विसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भाशयाचा माथा बेंबीपाशी येतो आणि मग वर चढायला लागतो. म्हणजे माझ्या हद्दीत. सातव्या महिन्यात एका दुपारी काउंटरवर नोटा मोजताना बरगडीखाली आतून ढुशी बसली. नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या. कॅशियर म्हणाला, "काय झालं मॅडम?" त्याला काय सांगणार.

हळूहळू खुर्ची घट्ट व्हायला लागली. नवऱ्याने बाजूच्या पट्ट्या कापून हात बाहेर सरकवले. दर वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं असतं, म्हणजे रक्त खेळतं. आठव्या महिन्यात ते होईना, मग पुढे वाकून टेबलावर डोकं टेकायचं. पतसंस्थेत सगळ्यांना वाटायचं मी झोपते. रोज रात्री बूड, टाचा, घोटे तपासायचे, लालसर डाग दिसला आणि बोटाने दाबून तो फिका झाला नाही तर त्या जागेवर भार टाकायचा नाही. पूर्वी मी आरशात बघायचे. पोट आड यायला लागल्यावर आरसा हरला. नवऱ्याची रात्रपाळी. आत्याबाई बॅटरी घेऊन आल्या. मी नको नको म्हणत राहिले.

"लाजतीस कुनाला? म्या काय बाई न्हाई?"

"तसं नाही आत्याबाई…"

"मग वळ की कुशीवर. हितं लाल दिसायलंय. दाबू?"

त्या दिवसापासून ते काम त्यांचं. त्यानंतर जखम झाली नाही, याचं श्रेय मी कुठल्याही डॉक्टरच्या आधी त्या बॅटरीला देते.

गावात ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, आशाताई मला न चुकता घेऊन जायच्या. जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात, जोखीम नसेल तर हिरवं. मला लाल लागलं. आशाताई म्हणाल्या, "लालला घाबरायचं न्हाई, लाल असलं की म्होरं घेत्यात." त्यांच्यामुळेच मातृवंदना योजनेचा अर्ज अंगणवाडीतून वेळेत गेला. पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत पाच हजार मिळतात, आणि चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला हा त्यासाठीचा एक निकष आहे. दाखला अपघातानंतर सीपीआर या सरकारी दवाखान्यातून काढलेला होता, म्हणून अडलं नाही.

डोहाळजेवणाचं थोडक्यात. धनुष्यबाण, झोपाळा, फुलांचे दागिने, सगळं झालं. झोपाळ्यावर मी बसले नाही, खुर्चीलाच फुलं गुंडाळली. दोन बायका ओटी भरायला आल्या नाहीत, त्यांची नावं आत्याबाईंनी पाठ करून ठेवली आहेत.

आता कळांविषयी. गर्भाशयाच्या वेदना मज्जारज्जूत डी-१० पासून खालच्या नसांवाटे जातात. म्हणजे कळा सुरू झाल्या तरी मला कळेलच याची खात्री नाही. घरात बसल्या बसल्या बाळ बाहेर यायला लागेल आणि मी टीव्ही बघत असेन, हे डॉक्टरबाईंनी हसत सांगितलं, पण हसण्यावारी नेलं नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून मला शिकवलं: सकाळ-संध्याकाळ आडवं व्हायचं, पोटावर दोन्ही हात ठेवायचे, बोट दाबून बघायचं. पोट कडक होऊन बोट रुतेनासं झालं आणि थोड्या वेळाने सैल पडलं तर घड्याळ लावायचं. दुसऱ्या खुणाही होत्या: पाय विनाकारण वारंवार ताठ होणं, दम कोंडल्यासारखं वाटणं, मध्येच खालून पाणी झिरपणं. दर आठवड्याला गर्भाशयाचं तोंड तपासायचं. छत्तिसाव्या आठवड्यानंतर घरी राहायचं नाही, हेही ठरलं.

त्यात आमचं गाव पंचगंगेच्या पलीकडे आणि तारीख ऑगस्टची. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. जुलैत कोल्हापूरकर उठल्या उठल्या फोनवर फूट-इंच बघतात, मी तर रात्रीही उठून बघायचे. पाणी वाढायच्या आधीच मंगळवार पेठेत माहेरी येऊन राहिले. आईचं घर जुनं, संडासात खुर्ची जाईना. दाराची चौकट काढून पडदा लावला. वडिलांना ते फार लागलं, चौकट सागवानी होती.

नॉर्मल की सिझर, यावर घराघरात मतदान झालं. माझ्या माहेरचे सगळे सिझरच्या बाजूने. डॉक्टरबाईंचं म्हणणं असं की पाय लुळे आहेत हे सिझरचं कारण होत नाही. बाळ आडवं असेल, ठोके बिघडले, वार खाली असेल, तर सिझर, जसं इतर कुणाचं करतात तसं. गर्भाशय आपलं काम आपण करतं, त्याला पायांची गरज नसते. शेवटी जोर लावायला पोटाचे स्नायू कमी पडतील, तिथे बाळ ओढून घ्यायचं व्हॅक्यूम लावू. भूलतज्ज्ञांना त्यांनी आधीच बोलावून माझे एक्स-रे दाखवले होते. पाठीत सळ्या असल्यामुळे सुई कुठे घालता येईल हे त्यांनी बघून ठेवलं. पूर्ण भूल द्यायचीच पाळी आली तर स्नायू सैल करणारं नेहमीचं एक औषध जुन्या इजेत चालत नाही, रक्तातलं पोटॅशियम धोकादायक चढू शकतं, तेही त्यांनी त्या पहिल्या पानावर लिहिलं. हे आधी ठरलेलं होतं म्हणून ऐनवेळी धावपळ झाली नाही.

मी दाखल असतानाच कळा सुरू झाल्या. पहाटे पाय ताठ झाले, सुटले, परत ताठ झाले. पोटावर हात ठेवला, बोट रुतेना. घड्याळ लावलं. सिस्टरला हाक मारली तर ती म्हणाली, "ताई, तुम्ही तर हसताय, कळा असत्या तर हसला असता का?" मी पहिल्या पानाकडे बोट दाखवलं. यंत्र लावलं तेव्हा दहा मिनिटांत तीन कळा. वरच्या बाजूला, बरगडीखाली, मला एक आवळ जाणवत होता, दुखणं म्हणण्यासारखं नाही. शेजारच्या खाटेवरची बाई ओरडत होती आणि मी तिला धीर देत होते. तिने मला नंतर सांगितलं की तिला माझा राग आला होता.

पाय कड्यांत अडकवले की स्पॅझम यायचे, म्हणून एक पाय आईने आणि एक सिस्टरने धरला, मी कुशीवर. मूत्राशयात नळी आधीच ठेवलेली. शेवटी व्हॅक्यूम लागला. मुलगी, दोन किलो सहाशे. टाके घातले ते मला कळले नाहीत, आणि हाच घोर होता, कारण टाक्यांवर बसून राहिले तरी मला कळणार नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, गादी हवेची. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शनं आणि लांब मोजे.

घरी आल्यावर शेकशेगडीवरून आईशी वाद झाला. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून बाळंतिणीला शेक द्यायचा, वर ओवा-बाळंतशेपेचा धूर, हे आमच्याकडे चुकत नाही. मला चटका बसला तर कळणार नाही, मांस दिसेपर्यंत कळणार नाही. अंघोळीचं कढत पाणीही तसंच. आई म्हणाली, "मी बघत बसते की." मी म्हटलं, तू बघशील, पण तुझा हात भाजणार नाही म्हणून तुलाही उशिरा कळेल. शेवटी बाळाला शेक, मला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर, अशी वाटणी झाली. पाण्यात आधी आईने कोपर घालून बघायचं. दूध पाजायला अडचण आली नाही, छातीच्या नसा इजेच्या वरच्या. मांडीवर रुंद उशी, तिच्यावर बाळ, कमरेभोवती ओढणी बांधायची, कारण स्पॅझम आला की पाय उडतात आणि बाळ घसरू शकतं. पाळण्याला नवऱ्याने खुर्चीच्या उंचीचा लोखंडी स्टँड केला, खालून माझी पावलं आत जातील असा. एका बाजूची जाळी कडीने उघडते.

एक गोष्ट राहिली. बाळंत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या एका बाईंनी नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं, "आता ऑपरेशन करूनच टाका. परत ही जोखीम कशाला? सही काय, तुमची चालेल." त्याने आत येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्याची सही चालत नाही. अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या, सगळं समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होणं बंद करणारा कुठलाही उपचार करता येत नाही, हे त्याच कायद्याच्या दहाव्या कलमात आहे. मी डॉक्टरबाईंना बोलावून सांगितलं. त्यांनी त्या बाईंना काय सुनावलं ते दाराआडून थोडं ऐकू आलं.

दुसरं मूल नको, हे मात्र आमचं आमचं ठरत आलंय. दीड महिन्याच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी पर्याय मांडले. नेहमीच्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, बसून असणाऱ्या बाईला त्या नकोत. तांबी बसवता येईल, पण ती सरकली किंवा आत संसर्ग झाला तर मला दुखणार नाही, म्हणजे ठरलेल्या तपासण्या चुकवून चालणार नाहीत. तीन महिन्यांच्या इंजेक्शनाने हाडं विरळ होतात, माझ्या पायांची आधीच झालेली आहेत. हे सगळं ऐकून घेतल्यावर नवरा म्हणाला, "मग माझीच नसबंदी करा की, सोपं हाय." डॉक्टरबाई म्हणाल्या, घाई नाही, पोरगी वर्षाची होऊ दे. तोवर आत्याबाईंना हे कुणी सांगायचं, यावर आमच्यात रोज चिठ्ठ्या टाकायचं बाकी आहे.